आक्काचं सुतक

मांडवाच्या दारातल्या मेढीला आंब्याचा टाळा बांधायचा तेवढा राहिला होता, आणि आक्का पडली.

मी ओसरीवर बसून हळकुंडं दोऱ्यात ओवत होते. परसातल्या चिंचेवरून काहीतरी धपकन पडल्याचा आवाज आला. मला वाटलं, बार्शीहून आलेल्या वायरमनच्या हातून तारेचं भेंडोळं सुटलं असेल. पण लगेच चिंचेवरची सगळी टोळी एकदम ओरडायला लागली, आणि आबा, माझे वडील, हातातला टाळा टाकून पळाले. मी मागोमाग गेले, तर आक्का बुंध्याशी कुशीवर पडलेली. एक हात डोक्याखाली, दुपारची झोप लागावी तशी. वरच्या फांदीवर मांडवाच्या दिव्यांची तार लोंबत होती आणि तिच्या एका जोडाला पट्टी लावायची राहून गेली होती. वायरमन म्हणाला, जेवून आल्यावर लावणारच होतो.

आक्का म्हणजे आमच्या गावच्या वानरांतली सगळ्यांत म्हातारी वानरी. काळं तोंड, राखी अंग, लांब शेपूट आणि एका कानाचा टवका उडालेला. तिला कुणी माकड म्हटलेलं आबांना खपत नसे. माकड लाल तोंडाचं, ते मदाऱ्याच्या दोरीला. हे वानर, मारुतीच्या कुळातलं. आम्ही कोरेगव्हाणचे गुरव. गावच्या मारुतीची पूजा आमच्या घरात पिढीजात चालत आलेली. आबा पूजा आटोपून देवळाच्या पायरीवर आले की आक्का शेजारी येऊन बसायची आणि नैवेद्याच्या खोबऱ्याचा पहिला तुकडा त्यांच्या हातून घ्यायची. बाकीची वानरं हिसकावून न्यायची. ही हात पुढे करायची आणि वाट बघायची. मी रांगत होते तेव्हापासून ती येते, असं आई सांगायची. आबांना उशीर झाला तर ती दात दाखवून त्यांच्यावर खेकसायची, म्हणून तिचं नाव आक्का. थोरल्या बहिणीचा मान आणि थोरल्या बहिणीचा तोरा, दोन्ही तिला होते.

आबा तिच्याजवळ बसले. छातीवर हात ठेवून बघितलं, मग अंगावरचं उपरणं काढून तिच्यावर पांघरलं. आईने माझ्याकडे बघितलं आणि मला सगळं कळलं. माझं लग्न परवा होतं.

इथे आमच्या घरची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वेड्यासारखं वाटेल. आबांच्या पणजोबांच्या वेळी गावात पटकीची साथ आली. गाव रानात पळालं. पणजोबांचे वडील घरात एकटे राहिले आणि एकटेच गेले. मुलगा परगावाहून परत आला, तर अंगणात वडिलांचं प्रेत आणि त्याभोवती वानरांची टोळी बसलेली. कुत्र्या-कोल्ह्यांना त्यांनी जवळ फिरकू दिलं नव्हतं. माणसं टाकून गेली आणि वानरं राखण बसली. त्या मुलाने तिथेच शब्द दिला, की गावात वानर गेलं तर आमच्या घरातलं माणूस गेलं असं धरू. तेव्हापासून गावात वानर दगावलं की गाव त्याला वाजतगाजत नेऊन पुरतं, आणि आमचं घर दहा दिवस सुतक पाळतं. देवळात पाऊल टाकायचं नाही, पूजा पाटलांच्या घरून व्हायची. गोडधोड नाही. दहाव्या दिवशी आबांनी डोक्याचे केस उतरवायचे. आणि सुतकात घरात मंगलकार्य नाही, हे काही निराळं सांगायला नको.

परवाचा मुहूर्त त्या हंगामातला शेवटचा होता. पुढे चातुर्मास. आणि श्रीरंगला, म्हणजे माझ्या होणाऱ्या नवऱ्याला, आसामात तेलाच्या कंपनीत नोकरी लागली होती. रजा संपली की जायचं, ते दोन वर्षं परत यायचं नाही. त्याची आई आधीच या सोयरिकीवर नाखूश. सोलापूरची एक मुलगी तिच्या मनात होती, बी. ए. झालेली. मी मॅट्रिक, आणि तीही दुसऱ्या खेपेला.

पण मला हा मुलगा हवा होता, हे आज या वयात मोकळेपणाने सांगते. त्याच्या आधी मला तीन ठिकाणचे बघून गेले होते. त्यांनी मला चालायला लावलं, गायला लावलं, एकाने तर पायाची बोटं बघितली. श्रीरंगने एवढंच विचारलं, "तुम्हाला माझ्याशी लग्न करायचंय का?" हे मला त्याआधी कुणी विचारलं नव्हतं. आईबापांनीही नाही. मी हो म्हटलं आणि त्या दिवसापासून मनाने मी आसामातच राहायला गेले होते.

तर आक्का चिंचेखाली पडलेली, आणि रंगनाथमामा आबांच्या कानाशी लागला. मामा कारभारी माणूस. दिव्यांच्या माळांची हौसही त्याचीच, बार्शीच्या पाहुण्यांनी नाव ठेवायला नको म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी देवक बसायचं होतं. एकदा देवक बसलं की मग घरात काही झालं तरी सुतक लागत नाही, हे लहान पोरालाही ठाऊक असतं.

"दाजी," मामा म्हणाला, "अजून गावात कुणी बघितलं न्हाई. पोत्याखाली झाकून ठिवू. उद्या देवक बसू द्या. मग म्हणू, आत्ता गेली."

"टोळीनं बघितलंय, रंगनाथ," आबा म्हणाले.

आबांनी मामालाच बार्शीला पिटाळलं. व्याह्यांना सांग म्हणाले, जे झालं ते जसंच्या तसं सांग.

दुपारी उन्हं कलल्यावर आक्काला नेलं. बैलगाडी केळीच्या खुंटांनी सजवली होती, तिला बसतं करून गुलाल वाहिला होता. भजनी मंडळींचे टाळ वाजत होते. तिची टोळी वरून, घरांच्या माळवदांवरून आणि झाडांवरून गाडीबरोबर चालली होती. त्याच वेळी वेशीत एस. टी. थांबली आणि मामाबरोबर माझे सासरे उतरले. सासरे अजून व्हायचे होते. पण मी त्यांना पुढे आयुष्यभर मामंजीच म्हणत आले, तेव्हा इथेही तसंच म्हणते.

मामंजी, नरहर पांगरीकर, बार्शीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. आमच्याच गुरव समाजातले, पण घरात देव्हारा त्यांच्या बायकोने ठेवला म्हणून होता. माणूस भरघोस मिशांचा, मोठ्या आवाजाचा, वाद घालायला सदा तयार, आणि वादात हरला तरी खूश होणारा. मला बघायला आले होते तेव्हाही पोह्यांची बशी हातात धरून त्यांनी बेडकाच्या हृदयाला किती कप्पे असतात ते आईला समजावून सांगितलं होतं. त्या दिवशी मात्र ते गुपचूप बाजूला उभे राहिले. गाडी पुढून गेली तेव्हा त्यांनी पायातले बूट काढले. मी खिडकीतून ते बघितलं आणि मला जरा धीर आला.

गावाने आक्काला ओढ्याकाठी पुरलं, रीतीप्रमाणे सगळ्यांनी ओढ्यात आंघोळी केल्या आणि माणसं आपापल्या घरी गेली. आमच्या ओट्यावर आबा, मामा आणि मामंजी एवढेच उरले. मी आणि आई दाराआड.

मामंजींनी सुरुवात गोडीने केली. तुमच्या रीतीला मी हसत नाही, म्हणाले. ज्या मुलाने तो शब्द दिला तो माणूस मोठा होता. पण रीत माणसांनी घातली, तर माणसांना ती जरा सैलही करता येते. श्रीरंगची रजा वाढत नाही. आणि आज हात हलवत परत गेलो तर मी घरी काय बोलणार? आमच्या मंडळींनी हा अपशकुन आहे असं धरलंय. सोलापूरचे लोक थांबलेत. मी एकदा अडवीन, दोनदा अडवीन. त्यांनी काही झाकून ठेवलं नाही. एखादं वाईट औषध चमच्याने द्यावं तसं सगळं सांगितलं.

"घरातलं माणूस गेलंय, इवाई," आबा म्हणाले.

"माणूस नव्हे हो. वानर," मामंजी बोलून गेले, आणि लगेच स्वतःच थांबले. मग हसले. "बघा, मी हे म्हणायला नको होतं. तीस वर्षं मी पोरांना शिकवतोय की माणूसही कपिकुळातलाच एक प्राणी. त्यावरून लोक माझ्याशी भांडतात. आणि आज मीच तुम्हाला सांगतोय, माणूस नव्हे म्हणून."

आबांनी पहिल्यांदाच मान वर केली. "काय शिकवता तुमी?"

मामंजींनी सांगितलं. हुरूप आल्यावर त्यांचा आवाज वर्गातला झाला. माणूस आभाळातून वेगळा पडलेला नाही. जनावरांच्या पसाऱ्यातच त्याची जागा आहे, आणि ती नेमकी बिनशेपटीच्या मोठ्या वानरांमध्ये आहे, ज्यांना ते कपि म्हणत होते. हाडं बघा, दात बघा, रक्त बघा, ते पोर कसं सांभाळतात बघा. तुम्ही-आम्ही त्यांचे भाऊबंद आहोत, असं नाही. आपण त्यांच्यातलेच एक आहोत.

आता आबा चिडणार, असं मला वाटलं. मामंजींनाही वाटलं असावं, कारण ते उत्तर तयार ठेवून बसले होते. हे ऐकून चिडणारी माणसं त्यांनी जन्मभर बघितली होती. माणसाला जनावरात ढकलता का, म्हणणारी. आबा चिडले नाहीत, पण त्यांना ते सोसवलंही नाही.

"असं म्हणू नका," ते हळूच म्हणाले. "त्यांनी रामाचं काम केलं. दगडं वाहिली, समुद्रात वाट बांधली, आणि परत येऊन काही मागितलं न्हाई. झाडावर जाऊन बसले. माणसानं काय केलं? माझ्या पणज्याच्या बापाला अंगणात टाकून गेला माणूस. त्यांच्यातला म्हणवून घ्यायची आपली लायकी हाय का?"

तीस वर्षांत मामंजींवर हा आक्षेप कुणी घेतला नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. शेवटी म्हणाले, "आमच्या शास्त्रात लायकी नसते, आबासाहेब. वर-खाली कुणी नाही. नुसतं नातं असतं."

"मग ती आमची कोण लागत हुती?"

हा प्रश्न आबांनी सहज विचारला नव्हता. गावात कुणाच्या घरी मयत झालं की माणसं सुतकाचं विचारायला आमच्याच ओट्यावर येत, आणि आबा प्रत्येकाला पहिलं हेच विचारत. कोण लागतो? किती पिढ्यांवरचा? सात पिढ्यांच्या आतला भाऊबंद असला तर दहा दिवस. चौदापर्यंत तीन. एकविसापर्यंत एक. त्याच्या पुढे नुसती आंघोळ. लहानपणी मी पाढ्यांबरोबर हेही पाठ केलं होतं. आबा यात कुणाचा मुलाहिजा ठेवत नसत. पाटलांच्या घरी साखरपुडा तोंडावर आला असताना त्यांनी सहाव्या पिढीतल्या चुलत्याचे दहा दिवस धरायला लावले होते आणि पाटील वर्षभर आमच्याशी बोलले नव्हते.

मामंजींना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी आपलं शास्त्र सांगितलं. आक्काला शेपूट होती, म्हणजे ती आपल्या अगदी जवळच्यांतली नव्हे. जवळचे ते बिनशेपटीचे. (पुढे आसामात ते मी पुष्कळ पाहिले. हुलूक म्हणतात. सकाळी जोडप्याने गातात, आणि मला दर वेळी ओशाळल्यासारखं होतं, भल्या सकाळी नातेवाइकांच्या दारात उभं असल्यासारखं.) आपली आणि लंगुरांची वाट फार पूर्वी फुटली, मामंजी म्हणाले. नातं आहे, ते कुणाला मोडता येणार नाही. पण लांबचं. फार लांबचं.

ते ऐकलं आणि माझ्या पायांनी मला दाराबाहेर नेलं. आई पदर ओढत होती, तो सुटला. लग्न परवावर आलेली मुलगी व्याह्यांपुढे येऊन बोलते, ही आमच्याकडे न घडणारी गोष्ट होती. मी ओट्याच्या कडेला उभी राहिले आणि विचारलं, "किती पिढ्या लांबचं?"

मामंजींनी माझ्याकडे बघितलं. ते मास्तर होते. विद्यार्थ्याने प्रश्न विचारला की त्यांना बाकी काही दिसत नसे.

"अडीच-तीन कोटी वर्षं झाली असतील," ते म्हणाले. "एका पिढीला दहा-बारा वर्षं धरली, तर..." त्यांनी ओट्यावरच्या धुळीत बोटाने हिशेब मांडला. "वीस-पंचवीस लाख पिढ्या तरी."

मी आबांकडे वळले. "आबा, एकविसाच्या पुढं काय असतं?"

आबांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मला ते पहिल्यांदाच बघत होते. उत्तर शेवटी मामाने दिलं, तेही घाबरत. "आंघोळ."

मामंजींना आधी उलगडा होईना. मामाने त्यांना पिढ्यांचा नियम सांगितला, तसे ते मांडीवर थाप मारून मोठ्याने हसले. आमच्यातलं दुसरं कुणी हसलं नाही, म्हणून तेही थांबले.

"इवाई," आबा म्हणाले, "एक इचारतो. पोरीच्या लग्नापायी बोलू नका. हे तुमी जे सांगता, ते खरं हाय का?"

मामंजी सरळ होऊन बसले. हसू पार गेलं होतं. "खरं आहे. हे लग्न मोडलं तरी खरंच राहील."

आबांनी अंगणातल्या मांडवाकडे बघितलं. चिंचेवर टोळी परत आली होती, पण एकही वानर उड्या मारत नव्हतं.

"मला पटत न्हाई," ते म्हणाले. "पर तुमी खोटं बोलत न्हाई, ते पटतंय. आन् पोर बोलली ते नियमाला धरून हाय. गावाला मी जो नियम लावला, तो माझ्या घराला लावायला नको म्हणू कसं? घरानं आंघोळ करावी. उद्या देवक बसवा." मग ते मामंजींकडे वळले. "नातं खरं असंल तर ते तुमचंबी हाय. आंघोळ तुमालाबी."

"मला?"

"अंगावरच्या कपड्यानिशी. देवळामागं बारव हाय."

"आणि तुमी?" आईने दाराआडून विचारलं. तिला आबा पुरते ठाऊक होते.

"घराला पिढ्यांचा नियम. मला न्हाई. तुमच्या हिशेबानं ती लांबची असंल, माझ्या हिशेबानं न्हाई. ती माझ्या घरच्या कार्यापायी गेली, माझ्या मांडवाच्या तारेनं. मी दहा दिवस धरणार. कन्यादान रंगनाथ करंल."

आईने तोंडात पदर धरला. मी जिंकले होते. मला जे हवं होतं ते मला मिळालं होतं, आणि मी तिथेच ओट्यावर बसून रडायला लागले. मला आसाम हवा होता, श्रीरंग हवा होता, पण आबांशिवाय मांडव असा असतो, हे कुठे ठाऊक होतं? आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि तसाच मागे घेतला. त्यांचं सुतक सुरू झालं होतं.

मामंजींची आंघोळ गावाने पुढे वर्षानुवर्षं सांगितली. संध्याकाळी ते बारवेच्या पायऱ्या उतरले, पँट-शर्ट घालून, खिशातलं पेन मामाकडे देऊन. तीस वर्षांत कुठल्याही देवासाठी त्यांनी डोक्यावर पाणी घेतलं नव्हतं. शेवटच्या पायरीवर शेवाळ होतं. मामंजी घसरले आणि शास्त्राला हवी होती त्याच्या दुप्पट आंघोळ झाली. वर आले ते पाणी निथळत आणि विचारत, "एवढी पुरे ना?" मामाचं धोतर नेसून ते रात्रीच्या गाडीने बार्शीला गेले. घरी गेल्यावर त्यांनी बायकोला खरं ते सगळं सांगितलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, की तुम्ही इतकी वर्षं माकडं माकडं करत होतात, ती एकदाची घरापर्यंत आली.

लग्न लागलं ते गोरज मुहूर्तावर, बत्त्यांच्या उजेडात. तारा आबांनी त्याच दिवशी उतरवून ठेवल्या होत्या. कन्यादान मामा-मामीने केलं आणि छान केलं; पण मंगलाष्टकं चालू असताना मी अंतरपाटाकडे बघतच नव्हते. मांडवाच्या बाहेर, रस्त्यापलीकडच्या वडाच्या पारावर आबा एकटे बसले होते. देवळातही जाता येईना आणि मांडवातही. अक्षता पडल्या तेव्हा ते उठून उभे राहिले आणि त्यांनीही मूठ उघडली. ते तांदूळ माझ्यापर्यंत पोचणार नव्हते, समोरच्या धुळीतच पडले. पाया पडायला मी रस्त्याच्या अलीकडे थांबले आणि लांबूनच जमिनीला डोकं टेकवलं. श्रीरंगने माझ्या शेजारी तसंच केलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"सुखी ऱ्हावा," आबा पलीकडून म्हणाले. माझा बाप हळू बोलणारा माणूस. त्या दिवशी त्याला ओरडून आशीर्वाद द्यावा लागला.

आम्ही आसामला निघायच्या आधी मी माहेरी मांडवपरतणीला आले, तो नेमका आक्काचा दहावा. बरोबर श्रीरंग होता आणि मामंजीही होते. त्यांचं काय काम होतं, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. सासूबाईंना वाटलं, आहेराचं राहिलेलं काही असेल. घरी गेलो तर आबा ओढ्यावर गेले होते. मामंजींनी चहाही घेतला नाही. तडक ओढ्याची वाट धरली, म्हणून मी त्यांच्यामागे गेले.

आक्काला पुरलं होतं तिथे गावाने दगडांची एक रास रचली होती. तिच्याजवळ आबा एका धोंड्यावर बसलेले, आणि धोंडिबा न्हावी त्यांचं डोकं करत होता. निम्मं झालं होतं. टोळी ओढ्यापलीकडच्या बाभळीवर बसून बघत होती. मामंजींनी चपला काढल्या, शर्टाची वरची दोन बटणं सोडली आणि शेजारच्या धोंड्यावर जाऊन बसले.

"इवाई," आबा म्हणाले, "तुमचं आंघोळीवर सुटलंय."

"सुटलंय," मामंजी म्हणाले. "नियमाने सुटलंय." मग म्हणाले, "तीस वर्षं वर्गात सांगत आलो, हे सगळे आपले. पोरांनी ते लिहून घेतलं आणि मी घरी जाऊन जेवलो. आपलं कुणी गेलं म्हणून बसायची वेळ आली नाही कधी. तुम्हाला तर नातंही मान्य नाही, आणि तुम्ही दहा दिवस बसलात. म्हटलं, एक दिवस तरी आपणही बसावं."

त्यांनी डोकं धोंडिबापुढे वाकवलं. धोंडिबाने आबांकडे बघितलं. परगावचा प्राध्यापक, आठवड्यापूर्वी पोराचं लग्न झालेलं. त्याच्या डोक्याला वस्तरा लावावा की लावू नये, हे त्याला कळेना. आबाही बघत होते, अर्ध्या केलेल्या डोक्याने. मी पाण्याच्या कडेला उभी होते. मला वाटत होतं, आता आबांनी काहीतरी बोलावं. आणि वाटत होतं, काही बोलू नये.

"धोंडिबा," आबा म्हणाले, "पाव्हण्याच्या डोक्याला हात लावू नको. मिशी तेवढी काढ. नातं हाय, पर लांबचं हाय."

धोंडिबाने वस्तरा पाण्यात बुडवला, आणि मामंजींनी हनुवटी वर केली.